नागूबाईंचा दुखरा खुबा आणि मी

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, मित्रांनो. टेंभुर्णीच्या एका सुताराने मला घडवलं. सोलापुरात, नवी पेठेतल्या साड्यांच्या दुकानात मालक चनबसप्पा माझ्यावर वीस वर्षं बसले. मग फिरती खुर्ची आली आणि मी जिन्याखाली, रिकाम्या खोक्यांमागे गेले.

तिथून मला नागूबाई दिसत. त्या साड्यांना फॉल लावायच्या. दिवसभर फरशीवर, पाय एका अंगाला मुडपून, सगळा भार उजव्या खुब्यावर. एके दिवशी उठताना त्यांनी भिंत धरली. पुढे रोजच धरू लागल्या.

"काय झालं ओ?" चनबसप्पांनी विचारलं.

"काय न्हाय अण्णा, जरा अवघडलंय."

पण उजव्या कुशीवर त्यांना झोपवतही नव्हतं. कुणाच्या तरी सांगण्यावरून दुखरी जागा जोरात रगडून घेतली, तर दुखणं वाढलंच. हाड झिजलं, आता काम सुटणार, या धास्तीने एका दुपारी त्या मांडीवरच्या साडीत तोंड खुपसून रडल्या. डबा घेऊन आलेल्या लेकीने, संघप्रियाने, ते पाहिलं आणि त्यांना तशीच दवाखान्यात घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी नागूबाई हसतच आल्या. "अण्णा, हाड धडधाकट हाय! खुब्याच्या भायेर, हाडावर एक बारकी पिशवी असती म्हनं, गादीगत. ती सुजलीया. त्या कुशीवर झोपायचं न्हाय, भुईवर असं मुडपून बसायचं न्हाय, झोपताना गुडघ्यांत उशी घ्यायची. आन् व्यायाम करायचा."

"मग हितं बसा की!" चनबसप्पांनी मला बाहेर ओढलं आणि स्वतःच्या उपरण्याने पुसलं.

पंधरा दिवस झाले तरी फरक दिसेना. "ह्यो व्यायाम सोडून द्यावा वाटतोय बघ," नागूबाई म्हणाल्या.

"आई, खुब्याच्या स्नायूंत बळ यायला दोन-तीन महिने लागतात, सांगितलंय की डॉक्टरांनी," संघप्रिया म्हणाली.

मग नागूबाई माझी पाठ धरून उभ्या राहायच्या आणि पाय हळूहळू बाजूला उचलायच्या. मी तसूभरही हलत नसे. तिसऱ्या महिन्यात त्या जिन्याचा कठडा न धरता, साड्यांचा गठ्ठा घेऊन माळ्यावर चढल्या. "अहो, सावकाश!" चनबसप्पा खालून ओरडले. वरून नुसतं हसू ऐकू आलं.

मित्रांनो, घरातलं कुणी उठताना भिंत धरत असेल तर त्यांना विचारा, दवाखान्यात न्या. आणि तासन्‌तास एका जागी बसू देऊ नका, माझ्यावरसुद्धा. नागूबाई दर अर्ध्या तासाने उठून दुकानात फेरी मारतात. तेवढा वेळ मी रिकामी असते, आणि मला त्याचंच समाधान वाटतं.