बायांच्या बारीत म्हैस

उन्हाळ्यात डोह सांभाळणं म्हणजे काठावर बसून जांभळं खाणं, असं लोकांना वाटतं. या म्हणावं एकदा. सकाळी उठून बांबूला बांधलेल्या दाताळ्याने शेवाळ ओढायचं, करंजाचा पाला वेचायचा, पदराआड साबणाची वडी लपवून आणणारीला खालच्या धारेवर हाकलायचं. झिऱ्याच्या तोंडाशी लव्हाळा माजलेला, तो मात्र कोणाला उपटू द्यायचा नाही, कारण पाणी त्याच्यातूनच गाळून येतं. हे सगळं मी करत होते. मी मालती, शालिकराम कोतवालाची बायको. काम कोतवालाचं, पण उन्हाळ्यात त्याची कंबर धरते आणि माझी धरत नाही, असं आमच्या घरी ठरलेलं आहे.

आमचं गाव लोधीखेड्याच्या अलीकडे, नाल्याच्या वळणावर. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात विहिरींनी तळ दाखवला, डोह तेवढा झिऱ्यावर तग धरून होता. त्यात पोहायचे ते पुरुष. बायांनी घागर भरायची आणि मुकाट घरी जायचं. तेव्हा मी सरपंच रघुनाथरावांना तोंडावर सांगितलं, "डोह मी पाहीन, भाऊ. पण दुपारची बारी बायाइची. नाईतं हे घ्या तुमचं दाताळं."

उन्हात शेवाळ ओढायची हौस कोणालाच नव्हती, म्हणून ते कबूल झाले. अट एकच घातली. डोहाच्या खोल भागात तळाशी एक पांढरी गारगोट पडलेली आहे. ती काठावरून दिसली की पाणी चांगलं, असा गावाचा जुना हिशेब. सरपंच रोज सांजेला येऊन पाहणार. ज्या दिवशी गारगोट दिसली नाही, त्या दिवशी बायांची बारी बंद.

सगळ्यांत जास्त झोंबलं ते यशवंतरावांना. संत्र्याच्या बागेचे मालक, पट्टीचे पोहणारे, दुपारचा डोह म्हणजे त्यांना आपल्या बापाचाच वाटायचा. त्यांनी सभेत फणकाऱ्याने आणखी एक नियम करून घेतला. पाण्यात एक जरी बाई असली, तरी बाप्या माणसाने डोहालगतच्या टेकाडाच्या खाली उतरायचं नाही. "उद्या आमच्यावर आळ नोको," म्हणाले. जसं काही आम्ही त्यांना बघायलाच जीव टाकत होतो.

पहिल्या दुपारी यशवंतरावांचीच बायको, वच्छलाबाई, लुगड्याचा काचा मारून पाण्यात शिरली आणि इतकी हसली की लव्हाळ्यातला बगळा उडाला. बौद्धपुऱ्यातली इंदू तिला हातांवर धरून तरंगायला शिकवायची. गावात या दोघींच्या वाटा वेगळ्या, पाणवठे वेगळे. डोहात कोण कुठली ते कोणी विचारत नव्हतं. दिवसभराचा धूर, शेण, सासू, सगळं त्या पाण्यात विसरायला व्हायचं. ती बारी गेली असती तर मी खरंच ऊर बडवून रडले असते.

आणि एका दुपारी बाभळीच्या आडून म्हैस आली. यशवंतरावांची चंद्री. आली ती थेट पाण्यात. काम बिघडलं की 'गई भैंस पानी में' असं आपल्याकडे उठसूट म्हणतात, मी ते डोळ्यांनी पाहिलं. इंदूने काठी उचलली. मी ओरडले, "मारू नोको वं! खोलात पळंन तं सारा चिखल वर येईन!"

वच्छलाबाई शांत होती. तिने चंद्रीच्या कपाळावर ओंजळीने पाणी घातलं, शिंगामागे खाजवलं. चंद्रीने डोळे मिटले आणि काठालगतच्या उथळ पाण्यात बसकण मारली. "कोणी हालू नोका," वच्छलाबाई म्हणाली. "हे माह्याबिगर कोणाच्या बापाचं ऐकत नाई."

थोड्या वेळाने टेकाडावर यशवंतराव उगवले, सोबत सरपंच. सांज व्हायच्या आतच.

"पाहा भाऊ, पाहा! बाया पोहून राहिल्या का म्हशी धुऊन राहिल्या? दिसून राहिली का गारगोट?"

सरपंचांनी मान लांब केली. टेकाडावरून तळ कुठला दिसायला. ते उतरायला निघाले तशी वच्छलाबाई गळाभर पाण्यातून म्हणाली, "थांबा भाऊजी. पाण्यात बाया आहेत."

"मंग निंघा बाहेर."

"आमची बारी आहे. अजून जीव भरला नाई."

यशवंतराव टेकाडावर उभे राहून उंटावरून शेळ्या हाकू लागले. "अवं, चंद्रीले काढ! दुधाचा टाईम होऊन राहिला!"

"मी पोहून राहिली. तुम्हीच काढा."

"मी खाली कसा येऊ?"

"नियम कोणं केल्ता?"

आम्ही पदरात तोंड खुपसून हसत होतो. यशवंतरावांनी वरूनच चंद्रीला हाका मारल्या, शिट्ट्या घातल्या. चंद्रीने फक्त कान हलवला. उन्हं उतरली, आमची बोटं सुरकुतली, पण एकही बाई पाण्याबाहेर आली नाही. तिकडे सरपंच चुळबुळ करू लागले, कारण त्यांच्या घरचा संध्याकाळचा चहा चंद्रीच्याच दुधाचा.

"यशवंता, म्हैस सुटली कशी?"

"दावं तोडलं असंन, भाऊ. जनावर आहे."

सरपंचांनी त्यांच्या खांद्याकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. चंद्रीचं दावं, अख्खंच्या अख्खं, त्यांच्या खांद्यावर लटकत होतं. सोडलं तेव्हा सवयीने टाकलं असणार. यशवंतरावांनी ते हळूच पाठीमागे घेतलं, पण आता काय उपयोग.

"वच्छलाबाई," सरपंच थकून म्हणाले, "काढा ते म्हैस. बारी तुमचीच राहीन. फक्त गारगोट पाहू द्या."

वच्छलाबाई काठावर चढली, पदर पिळला आणि टेकाडाकडे पाहत हाक दिली, "ये वं माय, ये!" चंद्री उठली आणि सासरी निघालेल्या लेकीसारखी जपून पावलं टाकत तिच्या मागे गेली. काठ गढूळला. आम्ही बाहेर आलो, सरपंच खाली उतरले. मीही त्यांच्यासोबत काठावरून वाकून पाहिलं. खोल पाण्यात गारगोट लख्ख दिसत होती.

"शेवाळ आता पाऊस पडेपर्यंत यशवंता ओढीन," सरपंच म्हणाले आणि चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी यशवंतराव दाताळं घेऊन डोहात उतरले. आधी गुडघाभर होते, मग कमरेएवढे झाले, दुपार झाली तेव्हा दाताळं काठावर आणि हे गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटून. आम्ही टेकाडावर ताटकळत उभ्या. मी दोनदा ओरडले, "भाऊ, बारी झाली, निंघा!" ऐकू आलं नाही असं दाखवलं.

वच्छलाबाई पुढे झाली. तोंडाशी हात धरून तिने तीच हाक दिली, "ये वं माय, ये!"

खोटं कशाला सांगू, चंद्रीपेक्षा लवकर बाहेर आले.