सखाची वायर

पोलादपूरच्या एसटी स्टँडामागं हैबतीचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. हाताला गुण होता, पण एका बाबतीत माणूस पार कामातून गेलेला. थोरला भाऊ सखा दोन वर्षांपूर्वी वारला, आणि हा अजूनही बोल्ट आवळून झाला की विचारायचा, "बरोबर हाय ना रे, दादा?" मागं कोण असणार? भिंत. तरी ह्याला बरं वाटायचं.

श्रावणात येसाजी आपली जीप घेऊन आला. उमरठच्या वर डोंगरात त्याची वाडी. बायको मंजुळाची फुफ्फुसं थकली होती, ऑक्सिजनच्या मशीनशिवाय अर्धा तासही निभत नव्हता. महाडच्या दवाखान्यात नेताना मशीन जीपच्या बॅटरीवर चालायचं, आणि लाइट-वायपर लावले की बॅटरी उतरायची. जुना अल्टरनेटर तेवढी वीज करीत नव्हता. हैबतीनं दुपटीहून जास्त ताकदीचा बसवला. आता एवढी वीज बॅटरीपर्यंत न्यायची तर वायरही जाड पाहिजे, नाहीतर जुनी तापून जळणार. हे शेंबडं पोरही सांगेल. त्यानं जाड वायर मापानं कापून टेबलावर ठेवलीसुद्धा.

मग जुनी काढायला वाकला आणि हात थांबला. ती सखानं ओढलेली, मरायच्या आदल्या दिवशी. जोडाजोडाला देवीचा लाल दोरा गुंडाळलेला. सखा प्रत्येक गाडीला असाच बांधायचा, आणि त्याच्या हातचं शेवटचं काम हेच होतं. हैबतीनं पक्कड लावली, पण दाबवेना. भावाचं बोट कापतोय असं वाटलं. "दादा, चालंल ना रे?" कुणी नको म्हणालं नाही, आणि या शहाण्यानं तोच होकार धरला. येसाजीला सांगितलं, "सगळं बदललंय. बिनघोर जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं डबा उघडला आणि जळक्या रबराचा वास आला. बटणं बंद केली, मीटर पाहिला, चार्जर उपसून काढला. काही जळत नव्हतं. वास उलट मानेपाशी आला, कुणी जळकं काहीतरी हातात घेऊन मागं उभं असावं तसा. दोन वर्षं ज्याला हाका मारल्या तो आला होता, आणि आता ह्याला मागं वळून बघायचा धीर होईना. टेबलावर जाड वायर तशीच पडलेली. आज मंजुळावहिनीची दवाखान्याची तारीख. त्यानं वायर आणि पक्कड उचलली नि मोटारसायकलला किक मारली.

चढावर धुकं इतकं की पुढचं चाक दिसेना. वास सोबत होता, मागच्या सीटवर. एका वळणावर जीप उभी दिसली, बॉनेट वर केलेलं. येसाजी मोबाइल उंच धरून रेंज शोधत होता. आत मंजुळाचे ओठ निळे पडलेले, मशीन बंद. वायर वितळून दोऱ्यासकट कोळसा झाली होती.

हैबतीनं ती तोडली. तोडताना रडू फुटलं, ते पुसायलाही थांबला नाही. नवी जोडली, दोघांनी जीप उतारावर ढकलून चालू केली, मशीन घुमायला लागलं. हळूहळू मंजुळाच्या ओठांना रंग आला. वास गेला होता. पाठीमागं नुसतं धुकं, आणि हैबतीला फार पोरकं वाटलं.

"फोन तर लागत नव्हता," येसाजी म्हणाला. "तुला कुणी सांगितलं रे?"

सखाचं नाव ओठांवर आलं होतं. किती सोपं झालं असतं. "कुणी नाय," हैबती म्हणाला. "काल जोडतानाच मला ठाऊक होतं. दादाची वायर म्हणून काढली नाय. तुझ्याशी खोटं बोललो."

येसाजीनं शिवी दिली नाही. जीपचं मागचं दार उघडलं.

"बस आत. तिचा हात धर. परत मशीन बंद पडलं तर कशापायी पडलं ते तिला तूच सांग."

हैबती बसला. मशीनच्या आवाजात मंजुळाला बाहेरचं काही ऐकू गेलं नव्हतं. तिनं त्याची बोटं घट्ट धरली. "भावासारखा धावून आलास रे," ती म्हणाली. महाड येईपर्यंत हैबतीला तिच्याकडं बघवलं नाही.