मधली भिंत

अमृतचं पत्र आलं आणि मी ते तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिलं. सेनगावला राहणारा माझा धाकटा भाऊ. त्यानं लिहिलं होतं, ‘दादा, आपण एक घर बांधतोय की दोन? माझ्या नकाशात मधी भिंत दिसते. तुमच्या मनात असेल तर स्पष्ट लिहा.’

उत्तर काय लिहिणार? भिंत त्यानंच घालायला लावली, असा माझा समज होता. हिंगोलीतल्या आमच्या जागेवर दोघांनी मिळून एकच घर बांधायचं, चूल एक, ओसरी एक, असं ठरलं होतं. ते मोडायचं धाडस अमृतला तोंडावर होईना, म्हणून त्यानं नकाशाकडून ते वदवून घेतलं आणि वर मलाच विचारतो आहे, असं मला वाटे. त्यात नकाशे काढणारा अजीज सहज बोलून गेला होता, “अमृतराव येऊन गेले, गुरुजी. चहा घेतला, नकाशा नेला.”

मी अजीजला भिंत काढायला सांगितलं. पारदर्शक कागदावर शाईनं काढलेली रेघ त्यानं ब्लेडनं माझ्यासमोर खरवडली. शाईची भुकटी निघाली. पुसटशी रेघ मागे दिसत होती.

“मुरलेला डाग हाय. छापात येत न्हाई,” तो म्हणाला.

नकाशाचा छाप आला. निळ्या रेघांत भिंत जशीच्या तशी उभी! पुन्हा खरवडायला सांगितलं, पुन्हा भिंत. माझी पाठ फिरली की हा परत शाई ओढतो, दुसरं काय? पण तोंडावर विचारायचं मला जमेना. आयुष्यभर मुलांना शिकवलं, पण कुणाला जाब विचारायचा म्हटलं की मी विषयच बदलतो. “मला वाचायला हवा आहे,” असं काहीतरी पुटपुटून मी मूळ कागदच घरी आणला.

उन्हात ओसरीवर बसून मी स्वतः ब्लेड चालवलं. रेघ हलेना. समोर माझी बायको लक्ष्मी तूर निवडत होती.

“काय करून राहिले? भोक पाडता का कागदाला?”

“ही रेघ जात नाही.”

“अन् तिकडून काहून खरवडता? शाई तर इकडून चकाकून राहिली.”

मी कागद उलटा केला. मागच्या बाजूला रेघ ओली असल्यासारखी चमकत होती. शेजारी बारीक अक्षरं होती, ‘जुनी भिंत’.

मी तसाच अजीजकडे गेलो. त्यानं कपाळावर हात मारला.

“अन्सारभाईचं काम! जागेचं माप त्यांनीच घेतलं होतं, मंग ते नांदेडला गेले. जुनं असेल ते मागून काढायची त्यांची रीत. म्हंजे वरचं नवीन खोडलं तरी जुनं पुसत न्हाई. मला काय ठाऊक? मी त्याच कागदावर नवं घर काढलं, दिसली ती रेघ वरून गिरवली.”

“पण तिथं भिंत नाहीच.”

“तवा असल.”

होती. मातीची, कमरेएवढी, शेळ्या येऊ नयेत म्हणून बाबांनी घातलेली. अन्सारनं माप घेतलं त्याच वर्षी ती पावसात बसली. अमृत आणि मीच तिची माती उचलून परसात टाकली होती. टोपलं त्याच्या डोक्यावर, फावडं माझ्या हातात.

अजीजनं मागून ब्लेड मारलं. नवा छाप येईपर्यंत मी दुकानातून हललो नाही. आल्यावर मी तो उन्हासमोर धरला, उलटा केला, पुन्हा धरला.

अजीज हसला. “अजून शक हाय का, गुरुजी?”

“नाही,” मी म्हणालो, आणि आणखी एकदा बघितला.

घरी येऊन लिहायला बसलो. तीन-चार कागद फाडले. अमृतवर संशय घेतला हे लिहावं की नको? शेवटी एवढंच लिहिलं: ‘चि. अमृत, घर एकच. ती भिंत बाबांची शेळ्यांची, आपण उचललेली. मलाही वाटलं होतं ती तू घातलीस. सोबत छाप पाठवतो, उजेडात धरून बघ. दोन्ही बाजूंनी बघ. रविवारी चौकटीचं लाकूड बघायला ये.’

छाप घडी करून पाकिटात घातला आणि बसस्टँडजवळच्या पेटीत टाकला. आत पडल्याचा आवाज नीट आला नाही, म्हणून पेटीवर एक थाप मारली. मग आला.