टोच्याची चौकट

हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी शहरातल्या सगळ्या पेपरांत मोडलेल्या पेन्सिलींची चित्रं आली. एकाची पेन्सिल रक्त ओकत होती, एकीला पालवी फुटली होती, आणि एका पठ्ठ्याने तर पेन्सिलीला पंख लावून तिला ढगांत पाठवून दिलं होतं. मास्तरीणबाईंनीही पेन्सिलच काढली होती. शिवाय तिच्यामागे, ज्याच्यावर हल्ला झाला त्या टोच्याला उभं केलं होतं, सडपातळ, ताठ मानेचा, नजर कुठेतरी दूर लागलेली. सत्तावीस वर्षांत इतकं गुळमुळीत चित्र बाईंच्या हातून उतरलं नव्हतं, आणि काढताना त्या चक्क रडल्या होत्या.

मास्तरीणबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. व्यंगचित्रांकडे वळण्याआधी चार वर्षं त्या शाळेत चित्रकला शिकवत होत्या, तेवढ्या भांडवलावर टोच्यानेच ते त्यांना चिकटवलं होतं. टोच्या प्रतिस्पर्धी पेपरात व्यंगचित्रं काढायचा, बाई आपल्या पेपरात, आणि दोघांची भांडणं अख्ख्या शहराला पाठ होती. आदल्या सकाळी टोच्या कचेरीच्या पायऱ्या चढत असताना दोघांनी लोखंडी सळईने त्याचा उजवा हात मोडला आणि जाता जाता डोक्यातही एक हाणली. कारण कुणाला विचारायची गरज नव्हती. टोच्याच्या चित्रातले साहेब, म्हणजे शहराचे बडे पुढारी, नेहमी एका भल्यामोठ्या खुर्चीत बसलेले असत आणि त्यांचे पाय जमिनीला टेकत नसत. साहेबांच्या माणसांना नेमके ते पाय झोंबले होते. साहेबांनी स्वतः संध्याकाळी हल्ल्याचा निषेध केला आणि त्याच दमात लोकांच्या भावनाही समजून घ्यायला सांगितल्या.

पेन्सिली छापून आल्या त्या सकाळी आठला बाईंचा फोन वाजला. पलीकडे टोच्या होता. फोन त्याच्या बायकोने त्याच्या कानाशी धरला होता.

"मास्तरणी, मी गेलो का गं?"

"अभद्र बोलू नकोस!"

"मग तुझ्या चित्रात माझं पोट कुठे गेलं? वीस वर्षं खपून कमावलेलं पोट आहे ते. आणि वर काय बघतोय मी? छत गळतंय का?"

बाईंना हसू फुटलं, आणि मग हसता हसता पुन्हा डोळ्यांत पाणी आलं. जिवंत माणसाचं श्राद्ध घालून बसलो की आपण, असं त्यांना वाटलं आणि स्वतःचाच राग आला.

"ते जाऊ दे," टोच्या म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "आमच्या पेपरचं पहिलं पान बघ. माझ्या चौकटीत काय आलंय ते बघ."

बाईंनी पान उघडलं. रोज जिथे साहेब पाय हलवत बसायचे, तिथे आज हवामानाचा अंदाज होता. आकाश निरभ्र राहील, असं लिहिलं होतं.

या धंद्यात एक गोष्ट कुणी लिहून ठेवलेली नाही, पण सगळ्यांना ठाऊक असते. चित्र एक दिवस आलं नाही तर वाचक चौकशी करतात. आठवडाभर आलं नाही तर त्यांना हवामान वाचायची सवय लागते. मग एके दिवशी तिथे जाहिरात येते, आणि एकदा बसलेल्या जाहिरातीला उठवणं कुणाच्या बापाला जमत नाही. हाताचं हाड सहा आठवड्यांत जुळतं. तोवर चौकट राहते कुठे?

बाई अकराच्या सुमारास इस्पितळात पोचल्या. दारावरच्या पोलिसाने त्यांची पिशवी उघडली, आतल्या टोकदार पेन्सिली पाहून तो विचारात पडला, आणि शेवटी नाइलाजाने त्यांना सोडलं. टोच्याचा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. डोक्याला पट्टी, एक डोळा सुजून बंद.

"तू काढ," टोच्या म्हणाला.

"काय काढू?"

"माझ्या चौकटीत माझे साहेब. पाय न टेकणारे."

बाई बघतच राहिल्या. दुसऱ्याचे साहेब काढणं म्हणजे या धंद्यातली चोरी. प्रत्येकाचे साहेब वेगळे असतात. बाईंचे साहेब उंच, वाकलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. साहेबांच्या मानेवरची एक वळी बाईंनी आपली उचलली, अशा संशयावरून टोच्या एकदा सहा महिने त्यांच्याशी बोलला नव्हता. तोच माणूस आज आपण होऊन तिजोरीची किल्ली हातात देत होता.

"वहिनी, याला ताप आहे का हो?" बाईंनी त्याच्या बायकोला विचारलं.

"ताप नाही," वहिनी म्हणाल्या. "सकाळपासून त्या हवामानाच्या नावाने शिव्या देताहेत. तुम्ही काढा, म्हणजे मला जरा झोप मिळेल."

बाईंनी स्वतःच्या संपादकांना विचारलं नाही, नुसतं सांगितलं. संपादक म्हणाले, "आमचं चित्र वेळेवर द्या म्हणजे झालं." खरी आडकाठी घरातून आली. बाईंचा नवरा दातांचा डॉक्टर. आयुष्यभर दुसऱ्यांना आ करायला लावलेला माणूस, पण स्वतः मितभाषी. जेवताना तो म्हणाला, "चित्र काढ. रोज दोन काढ. सही तेवढी करू नकोस."

"का?"

"का म्हणून काय विचारतेस? मला तू हवी आहेस, म्हणून."

बाई ताटात बोट फिरवत बसल्या. मग हात धुऊन टेबलाशी गेल्या आणि दोन तासांत चित्र झालं. टोच्याची खुर्ची, टोच्याचे साहेब. खाली साहेबांचे दोन कार्यकर्ते पालथे पडून जमीन आणि बूट यांच्यामधलं अंतर फूटपट्टीने मोजताहेत. साहेब विचारतात, "हात मोडून झाला ना? मग आता तरी टेकतात का बघा!" आणि कार्यकर्ता म्हणतो, "अजून वीतभर राहिलंय, साहेब!"

नवऱ्याने चित्र पाहिलं. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा पडला, मग त्याने स्कूटरची किल्ली घेतली. "चल. मी खाली थांबतो," तो म्हणाला.

टोच्याच्या पेपरचे मालक चित्र बघून खुर्चीत जरा मागे सरकले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता, आणि ते तो लपवतही नसे.

"छापतो," ते म्हणाले. "पण सहीशिवाय."

"सहीशिवाय नाही."

"तुमच्याच भल्यासाठी सांगतोय, बाई. तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की! जिना चढताना दोनदा मागे वळून पाहिलं." बाईंनी पेन काढलं. "पण सही नसली तर उद्या कुणी दरडावून विचारल्यावर मीच म्हणेन, छे, ते माझं नव्हेच. तेवढा माझा माझ्यावर भरवसा नाही. म्हणून आत्ताच करून टाकते."

आणि त्यांनी कोपऱ्यात ठसठशीत सही केली. मालकांनी एकदा चित्राकडे, एकदा खिडकीतून खाली स्कूटरवर बसलेल्या माणसाकडे पाहिलं आणि चित्र छपाईला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी शहर हसलं. टोच्या मात्र पेटला. "माझी चौकट, माझे साहेब आणि नाव तुझं!" तो फोनवर ओरडला. "शिवाय खुर्चीचा डावा पाय वाकडा काढलास." बाईंना इतकं बरं वाटलं की त्या उलटून काही बोलल्याच नाहीत. पुढच्या आठवड्यात पेन्सिलीला पंख लावणारा पठ्ठ्या स्वतःहून आला आणि म्हणाला, "मंगळवार मला द्या." मग आणखी तिघे आले. पाच जणांनी वार वाटून घेतले आणि प्रत्येक जण टोच्याचेच साहेब काढून खाली स्वतःची सही करू लागला. धमक्यांचे फोन पाचही घरांत गेले. बाईंच्या घरी तो फोन नवऱ्याने घेतला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि समोरच्याला विचारलं, "बोलताना शिट्टी वाजतेय तुमची. पुढचा दात पडलाय का?" त्या नंबरावरून पुन्हा फोन आला नाही. तरी तो रोज बाईंना कचेरीच्या दारापर्यंत सोडायला जाऊ लागला. आणि टोच्या इस्पितळातून, मग घरून, पाचही जणांच्या चुका काढत राहिला. चौकट टिकली होती.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, आणि टोच्याचे फोन बंद झाले.

एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. पंखवाल्याने मुद्दाम साहेबांना मिशा काढल्या, तरी चकार शब्द आला नाही. तेव्हा मात्र बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या त्याच्या घरी गेल्या. टोच्या खिडकीशी बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, बोटं अर्धी मिटलेली. ती त्याहून जास्त मिटत नव्हती.

"सहा महिने लागतील म्हणतात," तो म्हणाला. "किंवा कधीच नाही. पेन धरलं की गळून पडतं. मालकांना सांग, हवामान छापा. किती दिवस लोकांच्या जिवावर चौकट अडवून ठेवायची मी?"

बाईंचं डोकं सणकलं. "डावा हात काय फक्त शोभेला आहे?"

"डाव्याने मला दातसुद्धा धड घासता येत नाहीत."

"दात घासायला कोण सांगतंय तुला? त्याला माझा नवरा बसलाय. तू साहेब काढ!" असं म्हणून त्यांनी वही त्याच्या मांडीवर आपटली आणि निघून आल्या. जिन्यात आल्यावर त्यांना वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. पण परत वर जाऊन माफी मागायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

तिसऱ्या दिवशी वहिनी एक कागद घेऊन आल्या. "फाडायला निघाले होते. मी हिसकावून आणलाय," त्या म्हणाल्या.

कागदावर साहेब होते. खुर्चीत उभे राहून भाषण करत होते, "मी कुणाच्या बापाला भीत नाही!" पण रेघ कसली ती! एकही सरळ नव्हती. खुर्चीचे पाय लटपटत होते, साहेबांचं बोट, गाल, कोटाची बटणं, सगळं थरथरत होतं. एके काळी डोळे मिटून एका झटक्यात साहेबांचा कोट काढणारा हात बाईंनी पाहिला होता. त्यांना हुंदका आवरला नाही.

आणि मग त्यांनी या धंद्यातल्या माणसाच्याच हातून होते, अशी चूक केली. वहिनींना शेजारच्या खोलीत बसवलं, काचेच्या टेबलाखालचा दिवा लावला, टोच्याच्या चित्रावर कोरा कागद ठेवला आणि त्याची प्रत्येक थरथरती रेघ आपल्या पक्क्या हाताने सरळ करून गिरवली. आपण मित्राची लाज झाकतोय, असं त्यांना वाटत होतं. तासाभराने त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

त्यांच्या कागदावर एक साहेब भाषण करत होते. झकास कोट, झकास खुर्ची. बस्स, पुढे काही नाही. टोच्याच्या कागदावर मात्र साहेब म्हणत होते की मी कुणाला भीत नाही, आणि डोक्यापासून बुटांपर्यंत लटलटा कापत होते. खुर्ची कापत होती. शब्दसुद्धा कापत होते. बाई आधी गालात हसल्या, मग खो खो हसल्या, आणि शेजारच्या खोलीतून वहिनी धावत आल्या तेव्हा त्या टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या. आपला नीटनेटका कागद त्यांनी चुरगळून टोपलीत टाकला. पेन्सिल काढताना केली तीच चूक पुन्हा करत होतो आपण, टोच्याला सुधारायला निघालो होतो.

"हे छापायचं?" मालकांनी विचारलं. त्यांच्या हातातला कागद हलत होता, पण त्यावरचं चित्रच मुळात थरथरत असल्याने फारसा फरक पडत नव्हता.

"असंच्या असं," बाई म्हणाल्या. "सहीसकट. त्याची आहे ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात जो तो टोच्याचा पेपर दुसऱ्याच्या हातात देत होता. शाळेतली पोरं हातपाय लटलट हलवत एकमेकांना सांगत होती, "मी कुणाच्या बापाला भीत नाही!" दुपारी बाई मालकांकडे बसलेल्या असताना साहेबांच्या कचेरीतून फोन आला. मालकांनी घाबरून तो स्पीकरवर टाकला, बहुधा साक्षीदार असावा म्हणून.

"साहेबांना असं थरथरताना दाखवणं ताबडतोब बंद करा," आवाज म्हणाला. "मुद्दाम बदनामी चालली आहे."

मालकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली नाही की डोळा मिचकावला नाही. जे काय बोलायचं ते या माणसाला स्वतःलाच बोलायचं होतं.

"मुद्दाम काही नाही हो," मालक म्हणाले. आवाज कापरा होता, पण थांबला नाही. "आमच्या चित्रकारांच्या उजव्या हातातून साहेब चांगले स्थिर निघायचे. तो तुमच्या माणसांनी मोडला. आता डावा आहे. डाव्या हातातून साहेब असेच निघतात."

मालकांनी फोन ठेवला, कपाळावरचा घाम पुसला आणि लगेच टोच्याचा नंबर फिरवला.

"उद्याचं चित्र किती वाजता देताय?" त्यांनी विचारलं.