येसूची पावलं

माणूस जिवंत असताना त्याच्या गोष्टींना 'अभिजात' म्हणू नये. लोक हार घेऊन येतात आणि फोटो कुठे लावलाय ते विचारतात. माझ्या बाबतीत तेच झालं. शनिवार पेठेतल्या 'कोवळे कोंब प्रकाशना'तून सुरुचीताईंचा फोन आला, "रंगरावांच्या वारसांशी बोलायचं होतं."

म्हटलं, "वारस अजून वाट बघताहेत. तोवर माझ्याशी बोला."

मी मंडईत कांदे-बटाट्याचा गाळा चालवायचो. पुण्यातलं गिऱ्हाईक चार बटाटे निवडायला जेवढा वेळ घेतं, तेवढ्यात माझी एक भुताची गोष्ट सांगून व्हायची. पुढे त्या दिवाळी अंकांत छापून आल्या. त्यातली येसू हडळ सगळ्यांत गाजली. ती मी बनवली असं लोक म्हणतात. साफ खोटं. येसू माझ्या गाळ्यावर स्वतः आली होती. कांदे घेतले, घासाघीस केली नाही, सुटे पैसे दिले, 'येते हं' म्हणाली. त्यावरूनच मी ओळखलं, ही पुण्यातली नाही आणि जिवंतही नाही.

तिची गोष्ट एवढीशी आहे. भर दुपारी एक पोरगा नदीकाठानं घरी चाललाय. ओल्या वाळूत बाईची पावलं दिसतात. गावात सगळ्यांना ठाऊक असतं की दुपारी त्या वाटेनं येसू फिरते. पावलांचे अंगठे देवळाकडे. म्हणजे ती देवळाकडे गेली. पोरगा घाबरतो आणि देवळाकडे पाठ करून घराकडे धूम ठोकतो. पण हडळीचे पाय उलटे! टाचा पुढे, अंगठे मागे. ती देवळाकडे गेलेलीच नसते, त्याच्या पुढे त्याच्याच घरी गेलेली असते. पोरगा धापा टाकत आत शिरतो, तर चुलीशी येसू भाकरी थापतेय. मान वर न करता म्हणते, "हात धू. उशीर केलास."

झालं. मंडईत ही गोष्ट ऐकून एक बाई पिशवी टाकून पळाली होती. बटाटे माझेच होते म्हणून बरं.

तर 'अभिजात भयकथा, बालवाचकांसाठी सचित्र' अशी मालिका निघणार होती आणि पहिलं पुस्तक येसूचं. चित्रं काढणार होती नाजिमा. हिचे वडील मकबूल म्हणजे माझ्या गाळ्याची पाटी रंगवणारा माणूस. 'उधार मागू नये' ही अक्षरं त्यानं अशी काढली होती की उधार मागायला आलेला माणूस माफी मागून जायचा. नाजिमाचा हात बापापेक्षा तयार. पण आजवर तिनं काय काढलं? शाळेच्या गाइडांसाठी बेडकाची पचनसंस्था आणि जास्वंदीचा उभा छेद. तिच्या नावानं कव्हर असलेलं हे पहिलं पुस्तक.

तिनं येसूची पावलं कशी काढली म्हणाल? तिच्या अम्मीच्या, अख्तरबानूंच्या, पायांना गेरू लावला आणि त्यांना कागदावरून चालवलं. अख्तरबानू म्हणाल्या, "या वयात हडळ केलं मला पोरीनं!" आणि खूश होऊन दोनदा चालल्या.

चित्रं बघून माझ्या अंगावर काटा आला. रणरणतं ऊन, सावलीला जागा नाही, हिरवं नऊवारी नेसलेली पाठमोरी बाई, आणि लुगड्याखाली, पाठमोऱ्या बाईचे अंगठे आपल्याकडे रोखलेले. चेहरा कुठेच नाही. म्हटलं, "नाजिमा, येसूला दाखवली तर ती फ्रेम करून घेईल."

मग आम्हाला प्रकाशनाच्या कचेरीत बोलावलं. सुरुचीताईंच्या शेजारी एक योगेश नावाचे गृहस्थ बसले होते. बालमानस सल्लागार. एवढा शब्द त्यांनी स्वतःच उच्चारला, मी नाही.

"सर, आर्टवर्क ब्युटिफुल आहे," योगेश म्हणाले. "पण मुलांची अँक्झायटी ट्रिगर होईल."

"म्हणजे?"

"घाबरतील."

"अहो, भयकथा आहे! घाबरतील नाही तर काय पाढे म्हणतील?"

"भीती असावी, सर. पण सेफ भीती."

आता ही सेफ भीती काय असते? भेळ द्या, पण तिखट नको, चिंच नको, कांदा नको. मग सरळ चुरमुरे मागा ना! भेळवाल्याचं नाव कशाला खराब करता?

सुरुचीताईंनी कागद पुढे सरकवला. त्यात 'हडळ' खोडून 'अनोळखी मावशी' केलं होतं. भाकरी ठेवली होती, पण ती मावशीनं प्रेमानं केलेली. आणि 'तिचे पाय उलटे होते' या वाक्यावर लाल रेघ.

"हे का?" मी विचारलं.

"उलटे पाय म्हणजे एका शारीरिक वैगुण्याची भीती घालणं झालं," योगेश म्हणाले. "दॅट्स नॉट ओके."

"अहो, ती मेलेली आहे! तिला वाईट वाटलं तर ती स्वतः येईल सांगायला. तुम्ही तिचे वकील कधी झालात?"

"रंगराव, आवाज," सुरुचीताई म्हणाल्या. "इथे लोक काम करतात."

"पाय सरळ केलेत तर गोष्ट तिसऱ्या पानावर संपते, बाई. अंगठे देवळाकडे, येसू देवळाकडे, पोरगा सुखरूप घरी. मग पुढची पानं काय वरणभात वाढायला ठेवलीत?"

"आपल्याला पटत नसेल तर राहू द्या," त्या थंडपणे म्हणाल्या. "दुसरी गोष्ट घेऊ. चित्रंही कंप्युटरवर होतात हल्ली. चहा होईपर्यंत होतात."

मी उठलोच होतो. माझी येसू, माझी गोष्ट, घेऊन जातो घरी! तेवढ्यात नाजिमाकडे लक्ष गेलं. तिनं चित्रांच्या फाइलवर दोन्ही हात ठेवले होते. कुणी काढून घेईल म्हणून लहान मूल पाटी धरून बसतं ना, तशी. गोष्ट मागे घेतली असती तर माझं काही जाणार नव्हतं, मी आधीच अभिजात. ती मात्र परत बेडकाच्या आतड्यांत गेली असती. आणि बसून राहावं तर येसूची मावशी होणार. मी बसलो. इतक्या रागानं बसलो की खुर्चीनं तक्रार केली.

नाजिमा हळूच म्हणाली, "मॅडम, पाय दाखवूच नको का? लुगडं घोळदार करते, जमिनीपर्यंत."

योगेश खूश. "परफेक्ट! उलटेही नाहीत, सरळही नाहीत. न्यूट्रल."

"आणि शेवटच्या पानावर," सुरुचीताई म्हणाल्या, "मुलांना दिसलं पाहिजे की ती निघून गेली. गौरी आल्या की आपण दारातून आत येणारी पावलं काढतो की नाही? तशीच काढ, फक्त बाहेर जाणारी. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत. अंगठे दाराकडे."

"क्लोजर मिळेल," योगेश म्हणाले.

"अंगठे दाराकडे," नाजिमानं म्हणून घेतलं. "नक्की ना मॅडम? मागून बदल सांगू नका हां."

"नक्की."

जिन्यावर मी तिच्यावर भडकलो. "तूसुद्धा? तुझ्या बापानं माझ्या पाटीचा काना बदलायला नकार दिला होता! आणि तू हडळीला निरोप देऊन पाठवतेस?"

"काका, त्या म्हणाल्या तसंच काढणार."

"तेच तर म्हणतोय!"

"काका." ती पायरीवर थांबली. "रागानं नको. जरा डोकं शांत करून सांगा. आपल्या येसूचे अंगठे दाराकडे असले, तर येसू कुठे चालली?"

मी मनात हिशेब मांडला. टाचा पुढे, अंगठे मागे. अंगठे दाराकडे, म्हणजे टाचा चुलीकडे. म्हणजे...

त्या जिन्यात मी एवढ्यानं हसलो की वरून सुरुचीताई ओरडल्या, "अहो, इथे लोक काम करतात!"

पुस्तक छापून आलं. चित्रं सुरुचीताई आणि योगेश दोघांनी तपासली, भिंगातून तपासली. उलटे पाय कुठेच सापडले नाहीत. शेवटच्या दोन पानांवर नुसतं रिकामं स्वयंपाकघर, चुलीवर तवा, आणि गेरूच्या रंगाची पावलं, अंगठे दाराकडे केलेली. सुरुचीताई त्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "किती शांत वाटतं नाही?"

मी म्हटलं, "फारच."

प्रकाशनाचा समारंभ सकाळी होता. सतरंज्यांवर मुलं, खुर्च्यांवर आईबाप. 'दोन मिनिटं बोला, भुतांविषयी नको' अशी मला सूचना होती. भुतांच्या पुस्तकाच्या प्रकाशनात! लग्नात जाऊन नवऱ्या मुलाचा विषय काढू नका म्हणतात का कुणी? मी एवढंच म्हणालो, "बाळांनो, चित्रं नीट बघा. मोठी माणसं अक्षरं तपासतात, चित्रं नुसती पाहतात." आणि बसलो.

मुलांनी पानं उलटायला सुरुवात केली. पहिल्या रांगेत योगेशची मुलगी होती, शाल्मली. दोन वेण्या आणि पुढचा एक दात नाही. तिनं पुस्तक शेवटपर्यंत नेलं, परत पहिल्या पानावर आणलं, परत शेवटी नेलं.

"बाबा, हिचे पाय कुठेच का नाही दाखवले?"

"लुगडं मोठं आहे ना, बेटा."

"पण ही हडळ आहे ना?"

"मावशी आहे ती. अनोळखी मावशी."

शाल्मलीनं बापाकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर पुण्यात शिकवावी लागत नाही, जन्मतः येते. "बाबा, भर उन्हात एकटी फिरते, सावली नाही, तोंड दाखवत नाही, आणि मावशी? हडळच आहे. आणि हडळीचे पाय उलटे असतात. आमच्या व्हॅनमध्ये सगळ्यांना माहितीये."

"बरं, असतील. पण ती गेली बघ. ही पावलं बाहेर चालली आहेत."

ती पावलांकडे बघत राहिली. बोट ठेवलं अंगठ्यावर, मग टाचेवर, मग हळूहळू चुलीकडे नेलं. आजूबाजूची मुलंही तिच्या बोटाकडे बघू लागली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ही बाहेर नाही गेली. ही आत आलीये."

मग धाड धाड पुस्तकं मिटली. मग कुणीतरी किंचाळलं, मग सगळेच किंचाळले, आणि मग, हे ऐका, सगळ्यांनी पुस्तकं परत उघडली! "मला बघू दे!" "ए, तव्यावर भाकरी होती का आधी?" "दार लाव, दार लाव!" एक पोरगा आईच्या पदरात तोंड खुपसून एका डोळ्यानं बघत होता. आणि हसत होते लेकाचे! घामानं भिजले आणि हसत होते. सेफ भीती म्हणे! भीती काय असते हे पोरांना कळतं, म्हणून तर ती घट्ट पकडून बसतात. कळत नाही ते त्यांच्या सल्लागारांना.

योगेश पांढरे पडले होते. शाल्मली त्यांचा हात धरून म्हणाली, "बाबा, घाबरू नका. गोष्ट आहे."

सुरुचीताई तरातरा माझ्याकडे आल्या. "आपण फसवलंत आम्हाला."

"मी? अंगठे कुणी दाराकडे करायला सांगितले?"

"परत छापू. ही पानं काढून टाकू."

"काढा ना. ते टेबल बघा आधी."

टेबलापाशी मुलांची झुंबड उडाली होती. नाजिमा पेन घेऊन बसली होती आणि प्रत्येक पुस्तकावर सहीखाली एक इवलंसं पाऊल काढून देत होती. 'अंगठा कुठल्या दिशेला हवा?' असं प्रत्येकाला विचारत होती. सुरुचीताईंनी बराच वेळ तिकडे पाहिलं आणि 'परत छापू' हा विषय पुन्हा काढला नाही.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी, मी आंघोळ करून बसलोय तोच त्यांचा फोन.

"रंगराव, हा काय पोरकटपणा आहे?"

"कुठला? माझे बरेच चालू असतात."

"कचेरीच्या उंबऱ्यावर पावलं काढलीत. गेरूची. मी आत्ताच कुलूप उघडलं."

"बाई, माझे गुडघे पाहिलेत का? मी उकिडवा बसलो तर उठवायला अग्निशमन दल लागेल."

"मग त्या नाजिमाचं काम."

"ती काल संध्याकाळीच अम्मीला घेऊन मावशीकडे गेलीये, सोलापूरला. असो. अंगठे कुठल्या दिशेला आहेत?"

"बाहेर."

"मग झालं की! गेली ती. क्लोजर."

पलीकडून चपलांचा आवाज, दोन पावलं आत, आणि थांबला.

"रंगराव," आवाज अगदी बारीक झाला होता, "आमच्याकडे कचेरीत गॅस नाही हो. शेगडीही नाही."

"बरं मग?"

"आतल्या खोलीतून भाकरीचा वास येतोय."

म्हटलं, "मग उभ्या काय राहिलात? हात धुऊन घ्या, बाई. उशीर केलात."