घरावर चढलेलं घर

आमच्या मास्तरांचं नाव तात्याराव. तोंडानं मी ते कधी घेतलं नाही, लिहायला मात्र कुणाची हरकत नसावी. पालमच्या अलीकडच्या एका गावात ते प्राथमिक शाळेवर होते. माणूस सरळ, निर्व्यसनी, रागावला तरी फळ्यावर खडू आपटण्यापलीकडं न जाणारा. वेड एकाच गोष्टीचं, घरावरच्या पत्र्यांचं.

त्या वेडाला कारण होतं. ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना हसत सुटाल, आणि हसायचा पहिला मान माझा आहे. आमच्या बौद्ध आळीत तेव्हा सगळी घरं गवताची नाहीतर पाचटाची. सासरे जन्मभर लोकांची छपरं शाकारत फिरले आणि स्वतःच्या घरात पावसाळाभर थेंबाखाली भांडी मांडत राहिले. म्हणून मास्तरांनी नोकरी लागल्यावर ना सायकल घेतली ना घड्याळ. पत्रे घेतले. गंगाखेडहून बैलगाडीत घालून, स्वतः गाडीमागं पायी चालत आणले. पुढं आळीत आणखी काही घरांवर पत्रे आले, पण पहिले आमचे, हे मास्तर पाहुण्याला चहाच्या आधी सांगायचे.

अडचण एवढीच, की आमच्याकडं वैशाखात दुपार कलली की वावधान सुटतं. धुळीचा लोट येतो, मागून वारा, त्यामागून कधी गारा. पत्रे ओळीनं दोन वर्षं उडाले. पहिल्या वर्षी ते व्यंकटरावांच्या कडब्याच्या गंजीवर जाऊन बसले. व्यंकटराव गावातले मोठे शेतकरी, बोलायला तिरकस. सकाळी दारात येऊन म्हणाले, "मास्तर, तुमचं घर आमच्या शिवारात मुक्कामाला आलंय. जेवू घालावं का वापस पाठवावं?" दुसऱ्या वर्षी पत्रे ओढ्यात सापडले. त्यातला एक असा दुमडला होता, की मास्तर त्याला मांडीवर घेऊन दिवसभर ठोकत बसले. लेकराला खरचटलं असतं तर एवढं केलं असतं की नाही, कोण जाणे.

माझं माहेर परभणीचं. माझा थोरला भाऊ दिनकरराव तिथं कृषी विद्यापीठात कारकून होता. राहायला स्लॅबचं क्वार्टर, अंगणात नळ. स्लॅबखाली झोपलेल्या माणसानं वारा सुटला की चादर ओढून घ्यायची, बस्स. आम्ही छप्पर ओढून धरायचं. दुसऱ्यांदा पत्रे गेल्यावर दादा विचारपूस करायला आला, तेव्हा मी त्याच्यासमोरच बोलून टाकलं.

"आता पुढच्या वैशाखात तिसऱ्यांदा पत्रे उडाले की बदलीचा अर्ज द्यायचा. आपून परभणीला जायचं."

"आन् न्हाई उडाले तर?" मास्तर म्हणाले.

"तर मी ह्या घरात परभणीचं नाव काढणार न्हाई."

"कधीच?"

"कधीच."

दादानं विचारलं, "दाजी, शब्द द्यायलाव का?"

"दिला," मास्तर म्हणाले. दिलेला शब्द फिरवणारा तो माणूस नव्हे, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात परभणीला बिऱ्हाड मांडलं. नळाखाली घागर कुठं ठेवायची, तेसुद्धा ठरवून टाकलं.

मास्तर मात्र तयारीला लागले.

त्याच साली गावात वीज आली होती. येलदरीची वीज, असं लोक कौतुकानं म्हणायचे, जशी काही धरणावरून कुणी घागर भरून पाठवली आहे. विजेवरची पिठाची गिरणी सुरू झाली, तशी बायकांनी जाती कोपऱ्यात लोटली. व्यंकटरावांच्या विहिरीवर मोटार बसली, तसा मोटेचा जाडजूड नाडा खुंटीला टांगला गेला. गावात रिकामं झालेलं हे सगळं वजन मास्तरांच्या नजरेत भरलं. आधी आमचं जातं वर गेलं, पूर्वेच्या कोपऱ्यावर, कारण वारा तिकडूनच शिरतो. मग उखळ. मग पाटा. वरवंटा मी पदराखाली लपवला म्हणून वाचला. व्यंकटरावांचा नाडा मागून आणून मास्तरांनी पत्र्यांवरून आडवा टाकला, आणि त्याचं एक टोक भिंतीवरच्या फटीतून आत घेऊन जमिनीत ठोकलेल्या खुंट्याला ताणून बांधलं.

"आता माझी चूल तेवढी राहिली," मी म्हटलं. "ती कवा चढवायलाव?"

"चूल मातीची हाय," मास्तर अगदी गंभीरपणे म्हणाले. "वजन पडत न्हाई."

नुसत्या पत्र्यांवर भागलं असतं तर बरं. वीज गेली तर काय, याचीही तयारी होती. कंदिलाची काच राखेनं घासून लख्ख. राकेलची बाटली एका कोपऱ्यात, काडेपेटी तांदळाच्या डब्यात, म्हणजे सर्दायला नको. बॅटरीचे सेल रोज दुपारी उन्हात वाळत घातलेले, पापडांशेजारी. शिवाय सराव. भर दुपारी मास्तर डोळ्यांना माझा रुमाल बांधायचे आणि कंदील शोधायला निघायचे. एकदा कोंबड्यांच्या खुराड्यावर पडले. कोंबड्या ओरडल्या, मी ओरडले, पण मास्तरांनी रुमाल काही सोडला नाही. तसंच चाचपडत जाऊन कंदील लावला आणि मग लख्ख उन्हात तो हातात धरून विजयी मुद्रेनं उभे राहिले.

शिकलेला माणूस करतो म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं धरून सगळ्या आळीनं जाती वर चढवली. ज्यांच्या घरावर पत्रे नव्हते त्यांनीही पाचटावर चढवली. शेजारच्या चतुराबाईच्या छपराला तर जात्यानं खोलगा पडला. ती मला म्हणाली, "मास्तरीणबाई, रातच्याला वर बगितलं की छातीत धस्स व्हायलंय. वारं आलं न्हाई तर हे जातंच खाली यील."

वैशाखातलं पहिलं वावधान आलं आणि गेलं. पत्रे जागचे हलले नाहीत. मास्तर घराभोवती फेऱ्या मारत होते, आणि माझ्या परभणीच्या नळाचं पाणी तिथल्या तिथं आटलं. पण गावाबाहेरचे विजेचे खांब आडवे झाले होते. वीज गेली. वायरमन येऊन बघून गेला आणि मान हलवून गेला. कंदिलाचं आम्हाला काही वाटलं नाही, आमचा सराव होता. गिरणी बंद पडली, त्याचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

दळायला जाती पाहिजेत, आणि जाती सगळी घरांवर.

आळीतल्या बायका आधी हसल्या. दोन दिवस खिचडीवर निघाले, पुढं ज्वारीच्या घुगऱ्या झाल्या. मग भांडणं सुरू झाली. कुणालाच आपलं जातं खाली काढायचं नव्हतं. चतुराबाईचा नवरा चंद्रभान म्हणायचा, मास्तरांचं काढा, त्यांचं घर मजबूत. मास्तर म्हणायचे, चंद्रभानचं काढा, त्याच्या छपराचं ओझं तरी कमी होईल. तिकडं मोटार बंद पडली म्हणून व्यंकटरावांनी नाडा मागायला गडी पाठवला, त्याला मास्तरांनी वैशाख सरू द्या म्हणून परत लावून दिलं. आणि बुद्धजयंती तोंडावर आली. पौर्णिमेला सगळी आळी आमच्या अंगणात जेवायची. भाकरीशिवाय पंगत कशी बसवायची?

"जातं काढा," मी म्हटलं.

मास्तरांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मी त्यांच्या खिशात हात घातला होता.

"तुला तर तेच पाहिजे."

"मला पीठ पाहिजे."

"पूर्वेचा कोपरा हाय त्यो. जातं काढलं की पत्रा हलका."

"मग पंगतीला पत्रे वाढा. लय चवदार हायत."

संध्याकाळी शिडी लावून वर गेले आणि जात्याचे दगड एकेक करून खाली दिले. त्या जागी वाळूचं पोतं ठेवलं खरं, पण ठेवताना त्यांचा चेहरा असा होता, की मला पहिल्यांदाच वाटलं, आपण हा शब्द घ्यायला नको होता. वाटलं तेवढंच. परभणी मनातून गेली नव्हती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी मी आणि चतुराबाई दळत होतो. आळीतली ज्वारी पाट्यांतून येऊन पडली होती. चतुराबाईनं भीमाची ओवी धरली होती, आणि एवढ्या दिवसांनी जात्याची घरघर ऐकून मलाही बरं वाटत होतं. अचानक दारातला उजेड पिवळा झाला. चतुराबाई ओवी अर्ध्यात सोडून उठली, "लेकरं बाहेर हायत," म्हणत घराकडं पळाली. मास्तर अंगणातून आत आले, दार लोटलं, अडसर घातला.

असलं वावधान मी त्याआधी पाहिलं नव्हतं. घर आतून ढोलासारखं वाजायला लागलं. वर वाळूचं पोतं फाटलं असावं, कारण फटीतून वाळू गळायला लागली. मग पूर्वेचा कोपरा उचलला गेला, परत आपटला, परत उचलला गेला. जिथून मी जातं काढायला लावलं होतं तोच. नाडा ताणला, आणि जमिनीतला खुंटा मुळ्यासारखा उपटून वर आला.

मास्तरांनी झेप घेऊन नाडा धरला. अंगानं काटकुळा माणूस. पत्रा उचलला की त्यांचे पाय जमिनीवरून सुटायचे, आपटला की टेकायचे.

मी जात्याजवळ उभी होते. मला काहीच करायचं नव्हतं. उभं राहिलं की झालं. पत्रे उडाले असते, अर्ज गेला असता, आणि पावसाळ्याच्या आत मी माझ्या भावाच्या शेजारी स्लॅबखाली झोपले असते. मी काही धरलंही नसतं आणि सोडलंही नसतं, मला कुणी बोल लावू शकलं नसतं.

तेवढ्यात मास्तरांचं बोलणं कानावर आलं. ते माझ्याशी बोलत नव्हते. बुजलेल्या बैलाला समजावतात तसं वर बघून पत्र्यांना म्हणत होते, "राहा रे... हो हो... राहा."

मी धावले आणि नाडा धरला.

मास्तर माझ्या वजनावरून मला कायम चिडवायचे. सरजा, एसटी कलती चालायलीय, तिकडच्या बाकावर बस, म्हणायचे. त्या दिवशी ते वजन कामाला आलं. घरातली सगळ्यात जड वस्तू वर चढवायची राहून गेली होती, ती आता नाड्याला लटकली. कोपरा खाली आला. परत उचलला गेला, तेव्हा नाडा माझ्या तळव्यांतून सरकला आणि कातडं घेऊन गेला. मी किंचाळले.

मास्तरांनी माझे हात बघितले. "सोड!" ते ओरडले. "सोड सरजा, हात सोलायलेत तुझे! उडू दे पत्रे!"

"गप धरा!"

"उडू दे म्हणतो ना! मी अर्ज लिहितो!"

"अर्ज मागून लिवा! आधी धरा!"

किती वेळ गेला, कुणास ठाऊक. मग गारा आल्या, त्यामागून पाऊस, आणि वारा पडला. आम्ही दोघं जमिनीवर बसलो होतो, नाडा तसाच हातात. सगळीकडं पीठ सांडलं होतं, दोघांच्या डोक्यांवर वाळू. मास्तरांनी माझ्या मुठी एकेक बोट करून उघडल्या. मग तळव्यांना तेल-हळद लावली.

"सोडला असता, तर परभणी मिळाली असती तुला," ते म्हणाले.

मला रडू आलं. मला परभणी खरंच पाहिजे होती, मनापासून. पण छप्पर गेल्यावरचा त्यांचा चेहरा मी दोनदा पाहिला होता. तो तिसऱ्यांदा बघून वर परभणीला सुखानं राहणं माझ्यानं झालं नसतं. तोंडानं मात्र म्हटलं, "पीठ भरा आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दादा आला. वादळाची बातमी परभणीपर्यंत गेली होती, आणि तो सामान बांधायला रिकामी पोती आणि सुतळी घेऊनच उतरला होता. अंगणात उभा राहून त्यानं वर बघितलं, मग माझ्या फडक्यांनी बांधलेल्या हातांकडं बघितलं.

"पत्रे राहिले?"

"राहिले."

"मंग परभणी?"

मास्तर खाली मान घालून म्हणाले, "मी अर्ज लिहायला तयार हाय. तिनं सांगावं."

दोघंही माझ्याकडं बघत राहिले. मी म्हटलं, "दादा, आज बुद्धजयंती हाय. जेवून जा."

त्या घरात मी परभणीचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. शब्द म्हणजे शब्द. पण मास्तर काढायला लागले. दर वैशाखात, आभाळ पिवळं पडलं की ते पत्र्यांवरून नजर फिरवायचे आणि हळूच विचारायचे, "जायचं का गं तिकडं?"

"कुठं?" मी विचारायची.

"तिकडंच. दादाकडं."

"कुठल्या गावाला, नीट नाव घेऊन सांगा."

मग ते बिचारे नाव घेऊन सांगायचे, "परभणीला." त्यांच्या तोंडून ते ऐकायला मला फार बरं वाटायचं. दोनदा-तीनदा म्हणायला लावायची, आणि मग नको म्हणायची.