आकडा कुठे लिहायचा

इस्पितळाच्या ड्रेसिंगच्या खोलीत बारा वर्षं राबलेल्या ताईला प्रयोगशाळेत सहायक व्हायचं होतं. प्रवेशपरीक्षेला ती दोनदा बसली आणि दोन्ही वेळा रसायनशास्त्रात आपटली. तिसरी संधी शेवटची, आणि ती उद्यावर येऊन ठेपली होती.

जेवणाच्या सुट्टीत ती औषधांच्या खिडकीशी वही घेऊन बसली. आतले औषधवाले काका खडूस म्हणून नावाजलेले. गोळ्यांची पट्टी कापून द्यायला ते मोठ्या डॉक्टरांनाही ठाम नकार देत.

"तोंड का पाडलंस गं?"

"हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एक. मी दोन्हीकडे दोन केले, तरी उत्तर चूक!"

काकांनी वही ओढली. ताईने H₂O मधल्या O च्या पायाशी बारीक दोन लिहिला होता. काका खो खो हसले. "अगं, हे पाणी नाही, पेरॉक्साइड! जखमेवर फसफसतं ते. पेशंटनं पाणी मागितलं तर हे पाजणार?"

ताईचे डोळे भरले. "रोज हीच बाटली हातात असते माझ्या. मला नाहीच जमायचं."

काका वरमले. त्यांनी दहा गोळ्यांची पट्टी समोर ठेवली. "पंधरा हव्या असल्या तर मी काय देतो?"

"दोन पट्ट्या. वर चार शब्द ऐकवता."

"मग ऐक. पायाशी लिहिलेला आकडा पट्टीच्या आतला, त्याला हात लावलास की औषधच बदललं. पट्ट्या किती घ्यायच्या, तेवढं आपल्या हातात. तो आकडा पुढे लिही."

ताईने पाण्याच्या पुढे दोन लिहिला. ऑक्सिजन जुळला, पण हायड्रोजन उजवीकडे चार झाला. ती थबकली, मग डावीकडच्या हायड्रोजनपुढेही दोन लिहिला. चाराला चार, दोनाला दोन.

"जमलं!"

"आरडू नकोस. ही पाच सोडव." सुट्टी संपली तेव्हा काकांचा डबा तसाच बंद होता. ते ताईच्या लक्षात आलं.

निकालाच्या दिवशी ती धावतच खिडकीशी आली. "पास झाले, काका! तुमचे उपकार..."

"उपकार राहू देत. समीकरणांना किती मिळाले?"

"वीसपैकी अठरा."

"दोन कुठे गेले? प्रश्नपत्रिका काढ."

घरी सगळ्यांनी पास की नापास एवढंच विचारलं होतं. ताईने पदराने डोळे पुसले, स्टूल ओढलं आणि प्रश्नपत्रिका काढली.